मोटारतेलाचे माप : सुट्या तेलापासून मोहोरबंद डब्यापर्यंत

‘ओंगण’ आणि ‘वंगण’ हे शब्द मराठीत मोटारीच्या आधीपासून रूढ आहेत. बैलगाडीच्या आसाला ओंगण घालताना ते मोजण्याचा प्रश्न उद्भवत नसे; चाक करकरू लागले की ओंगण घालावयाचे, एवढाच नियम होता. मोटारीच्या बंद इंजिनात मात्र ठरावीक प्रमाणातच तेल असावे लागते. ते कमी पडले तर यंत्र झिजते, अधिक झाले तर फेसाळते. मोटारीबरोबर वंगणाला माप आले ते असे. हे माप कोणी ठरविले आणि ते कोणाच्या हाती राहिले, या प्रश्नाच्या अनुषंगाने भारतातील मोटारतेलाच्या किरकोळ विक्रीचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तुलनेसाठी प्रथम अमेरिकेचे उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल. तेथे प्रारंभी मोठ्या पिंपातील तेल काचेच्या बाटल्यांत भरून विकले जात असे. चांगल्या नावाखाली हलके तेल खपविण्याचे प्रकार त्यामुळे सुलभ झाले. १९३० च्या दशकात मोहोरबंद पत्र्याचे डबे प्रचारात आले, ते या अविश्वासाच्या पार्श्वभूमीवर. त्यांचे माप एक क्वार्ट, म्हणजे सुमारे ९४६ मिलिलिटर, असे ठरले. इंजिनातील तेलपट्टीच्या खालच्या व वरच्या खुणांमधले अंतरही सामान्यतः एका क्वार्टचे असे. पुढे पत्र्याची जागा पुठ्ठ्याने आणि १९८० च्या दशकात प्लॅस्टिकने घेतली. क्वार्ट मात्र टिकून राहिला.

भारतात वेष्टनही बदलले आणि मापही. ब्रिटिश राजवटीत इंधन व तेल इंपीरियल गॅलनने (४.५४६ लिटर) मोजले जाई. १९५६ च्या वजने-मापे प्रमाणकविषयक कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली गेली व १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अंमलात आली. गॅलन गेला, लिटर आला. मात्र प्रमाणित एकक आले म्हणजे ग्राहकाच्या हाती नेमके माप आले, असे नव्हे. १९७७ च्या वेष्टित वस्तूंविषयीच्या नियमांनी निव्वळ परिमाण, उत्पादक आणि किंमत वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. हे संरक्षण वेष्टित मालापुरते होते. पिंपातून मोजून दिलेले सुटे तेल त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

या सुट्या तेलाची सर्वाधिक झळ दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या चालकांना बसली. १९७० आणि १९८० च्या दशकांतील भारतीय रस्त्यांवर स्कूटर व रिक्षा यांची टू-स्ट्रोक इंजिने होती. त्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. साधारण दोन टक्के, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर. रोजच्या कमाईतून दोन-तीन लिटर पेट्रोल घेणारा रिक्षाचालक तेलाचा डबा विकत घेऊन ठेवू शकत नव्हता. त्याला थोडके तेल हवे असे आणि थोडके तेल सुटेच मिळे. त्यात भेसळ होई. शिवाय जास्त तेलाने इंजिन अधिक टिकते, या समजुतीने ते प्रमाणाबाहेर घातले जाई. निळसर धूर हा त्याचा दृश्य परिणाम. दिल्लीच्या हवेसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये दिलेल्या आदेशाने त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत पेट्रोल पंप व गॅरेज येथील सुट्या टू-टी तेलाची विक्री बंद करण्याचे आणि पंपावरच तेल मिसळलेले पेट्रोल देण्याचे ठरले. २० व ४० मिलिलिटरच्या पुड्या हे याच गरजेला बाजाराने दिलेले दुसरे उत्तर. दोन टक्क्यांचे गणित पुडीतच बांधलेले असल्याने ते ग्राहकाने करण्याची गरज उरली नाही.

दुसरे वळण चार-स्ट्रोक इंजिनाचे. १९८५ मध्ये १०० सीसीच्या चार-स्ट्रोक मोटारसायकली भारतीय बाजारात आल्या आणि पुढील दोन दशकांत टू-स्ट्रोक मागे पडले. या इंजिनातील तेल ठरावीक काळाने पूर्ण बदलावे लागते व ते लिटरहून थोडे कमी लागते. लिटरचा डबा फोडला की उरलेले शंभर-दीडशे मिलिलिटर बहुधा मेकॅनिकच्या बरणीत जाई. त्या उरलेल्या तेलाचा हिशेब कोणी मागत नसे. तो जणू कारागिराचा हक्कच होता. पुढे ८०० व ९०० मिलिलिटरचे डबे आले, मोठ्या मोटारसायकलींसाठी १.२ व २.५ लिटरचे, मोटारींसाठी ३ व ३.५ लिटरचे. तेलाचे माप आता इंजिनाच्या पोटावरून ठरू लागले. ग्राहकाचा अपव्यय टळला, मात्र कारागिराचा तो न लिहिलेला हक्कही संपला.

या सोयीला दुसरी बाजू आहे. एकाच फळीवर ८००, ९०० आणि १००० मिलिलिटरचे दिसायला सारखेच डबे मांडलेले असता किंमत पाहून स्वस्त कोणते हे सांगता येत नाही. गोल मापांनी दिलेली तुलनेची सुलभता नेमक्या मापांनी हिरावून घेतली. २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्याखालील नियमांत २०२१ मध्ये झालेली दुरुस्ती या दृष्टीने लक्षणीय ठरते. तिने वेष्टनावर एकक किंमत, म्हणजे दर मिलिलिटरचा वा लिटरचा भाव, छापण्याची तरतूद केली.

सारांश, अमेरिकेत क्वार्ट टिकला, कारण तेथे माप व इंजिन यांचा मेळ आरंभीच बसला होता. भारतात तो मेळ उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी, आधी पुडीतून व मग ९०० मिलिलिटरच्या डब्यातून बसत गेला. दरम्यानच्या काळात कमी पैसे असणाऱ्याने सुटे तेल घेतले आणि त्याच्या भेसळीचा भार स्वतःच्या इंजिनावर व शहराच्या हवेवर सोसला गेला. डब्यावरचा छोटासा आकडा केवळ परिमाण सांगत नाही. विश्वास कोणाला परवडत होता, याचीही ती नोंद आहे.