जस्ताची बोटं

आजची गोष्ट सुरू होते एका बेडकापासून. दक्षिण आफ्रिकेतला नखवाला बेडूक, झेनोपस. त्याच्या अपक्व अंड्यांमध्ये टीएफ-थ्री-ए नावाचं प्रथिन भरपूर असतं. ते एक ठरावीक जनुक चालू करतं, आणि त्याच जनुकापासून बनलेल्या आरएनएलाही चिकटून बसतं.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये जोनाथन मिलर हा विद्यार्थी प्रथिन-आरएनएची ही जोडी शुद्ध करू पाहत होता. गुरू कोण, तर १९८२चे रसायनशास्त्राचे नोबेल विजेते ॲरन क्लूग. तरी काम अडलं होतंच. छापलेली कृती जशीच्या तशी केली तरी हाती फार थोडं लागायचं. जोडी मध्येच सुटायची.

दोष कशात निघाला माहितीये? प्रथिनाला जपण्यासाठी घातलेल्या डीटीटी या रसायनात! ते ऑक्सिडेशन थांबवतं हे खरं, पण धातूही ओढून घेतं. कुंपणच शेत खात होतं. त्याऐवजी धातूला न धरणारं सोडियम बोरोहायड्राइड वापरलं आणि जोडी टिकली. मग मोजलं, तर एका कणात जस्ताचे ७ ते ११ अणू!

एवढं जस्त कशाला? तोवर अमेरिकेत रॉबर्ट रोडर यांच्या प्रयोगशाळेनं या प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा क्रम काढला होता. तो नीट न्याहाळला तर सुमारे ३० आम्लांचा एकच साचा ९ वेळा दिसला. प्रत्येक साच्यात २ सिस्टीन, २ हिस्टिडीन, साधारण त्याच अंतरांवर. एवढीशी साखळी एकटी घट्ट घडी धरू शकत नाही. हे चौघं मधे जस्ताचा एक अणू धरतात, तेव्हा गाठ बसते. मिलर, मॅकलाक्लन आणि क्लूग यांनी हे १९८५मध्ये मांडलं. प्रयोगशाळेतल्या बोलण्यात याला 'बोटं' म्हणू लागले, कारण ती डीएनएला धरतात.

आणि हे सगळं चित्र न बघता, बरं का! प्रथिन डीएनएला प्रत्यक्ष धरताना दिसलं ते १९९१मध्ये, पावलेटिच आणि पॅबो यांच्या स्फटिकात. तेही उंदराच्या झिफ-२६८ या दुसऱ्याच प्रथिनात. एकेक बोट डीएनएच्या खोबणीत शिरून साधारण तीन-तीन अक्षरं वाचत होतं. मला मात्र १९८५चा तर्कच जास्त भारी वाटतो.

माणसाच्या जीनोममध्ये अशा बोटांची प्रथिनं बनवणारी ७००हून जास्त जनुकं आहेत. १९९६मध्ये श्रीनिवासन चंद्रसेगरन यांच्या गटानं या बोटांना डीएनए कापणारं एन्झाइम जोडलं. म्हणजे हव्या त्या ठिकाणी कात्री, क्रिस्परच्या कितीतरी आधी.