टीव्हीच्या मागची बाजू



मागच्या पावसाळ्यात चाकणजवळच्या आमच्या एका गटाची मासिक बैठक चालू होती. बचत गोळा झाली, हप्ते वहीत चढले आणि कर्जमागणीचा विषय निघाला. एक काकू म्हणाल्या, "मला २०,००० रुपये पाहिजेत. टीव्ही घ्यायचाय."

आम्ही विचारलं, "आधीचा बिघडला का, काकू?"

"बिघडला नाही, पण जुना झालाय. त्यात युट्यूब दिसत नाही. मला कीर्तन बघायचं असतं आणि मोबाइलवर बघून डोळे दुखतात. नातू म्हणतो, आजी, हे डबडं भंगारात घाल."

काकूंचा टीव्ही म्हणजे जुना, पाठीला कुबड असलेला, काचेच्या नळीचा टीव्ही. त्यांचे यजमान भोसरीच्या एका कारखान्यात होते, तेव्हा दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला. चित्र अजून स्वच्छ, आवाज खणखणीत. तो टाकायचा आणि वर व्याज भरायचं, हे बैठकीतल्या बऱ्याच जणींना पटेना. पण काकूंची गरजही खरी होती. शेवटी ठरलं, की गटाच्या ताई म्हणून आम्ही महिनाभरात माहिती काढायची आणि पुढच्या बैठकीत निर्णय घ्यायचा.

माहिती काढता काढता आम्ही बरंच मागे गेलो. आपल्या पट्ट्यात टीव्ही कसा आला, हे जुन्या बायकांना विचारत गेलो आणि वाचत गेलो. आज तेच सांगणार आहोत, कारण काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच सापडलं.

आपल्या देशात दूरचित्रवाणी पहिल्यांदा दिसली ती दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ ला. मुंबईचं केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढे मुंबईचे कार्यक्रम आपल्याकडे दिसू लागले ते सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे. त्या काळी घराच्या कौलांवर अॅल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना असायची आणि तिचं तोंड सिंहगडाकडे करावं लागायचं. वारा सुटला की ती फिरायची. मग एकजण वर चढायचा आणि खालून बायका ओरडायच्या, "आलं... आलं... गेलं!"

तेव्हा पिंपरी-चिंचवडमध्ये कारखाने उभे राहत होते. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ सालीच सुरू झालं होतं. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. गावोगावची माणसं इथे कामाला आली, चाळींत आणि कॉलन्यांत राहू लागली. टीव्ही सगळ्यांकडे नव्हता. ज्याच्या घरी असेल त्याच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. टीव्ही ठेवायचा तर सरकारी परवाना लागायचा आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागायचे. ही परवाना फी पुढे रद्द झाली.

१९८२ च्या स्वातंत्र्यदिनाला रंगीत प्रक्षेपण आलं आणि त्याच वर्षी दिल्लीत एशियाड झालं. १९८४ मध्ये 'हम लोग' ही मालिका आली, जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' आणि ऑक्टोबर १९८८ मध्ये 'महाभारत'. आपल्या पट्ट्यात मात्र एक अडचण होती. 'रामायण' लागायचं रविवारी सकाळी आणि एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची. पहिल्या पाळीच्या माणसाला 'रामायण' बघायला मिळायचं नाही. बायका घरी असल्या तरी रविवारीच डबे, पाणी आणि धुणं. एका आजींनी आम्हाला सांगितलं, "मी रामायण ऐकलंय जास्त, पाहिलंय कमी. पाठ टीव्हीकडं आणि तोंड चुलीकडं."

हे वाक्य लक्षात ठेवा, मैत्रिणींनो. याच्याकडे आपण परत येणार आहोत.

त्याच सुमाराला व्हीसीआर आला. गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर आणि कॅसेटी भाड्याने आणायच्या आणि रात्रभर तीन-तीन सिनेमे बघायचे, हे पन्नाशीच्या बायकांना आठवत असेल. मग १९९१ मध्ये स्टार टीव्ही आणि १९९२ मध्ये झी टीव्ही आला. गल्लीतल्या केबलवाल्याने खांबावरून काळी वायर घरात आणली. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झालं, तेच आताचं झी मराठी. मराठी मालिका रोजच्या झाल्या. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची छत्रीची मोफत सेवा आली, जिला आज आपण डीडी फ्री डिश म्हणतो. मग सरकारने केबल डिजिटल करायची ठरवली. मुंबईत ते २०१२ मध्ये झालं, पुणे आणि पिंपरी-चिंचवडला मार्च २०१३ ची मुदत होती, आणि टप्प्याटप्प्याने २०१७ पर्यंत ते खेडोपाडी पोचलं. घरोघरी सेट-टॉप बॉक्स आला.

आता बघा. अँटेना गेली, व्हीसीआर गेला, नुसती वायर गेली, बॉक्स आला. पण या सगळ्यात टीव्ही किती घरांनी बदलला? फार थोड्यांनी. टीव्ही तोच राहिला, त्याच्या शेजारची वस्तू बदलत गेली. टीव्ही म्हणजे पडदा आणि आवाज. काय दाखवायचं हे ठरवणारं डोकं नेहमी बाहेरच्या डब्यात होतं. डबा बदलला की जुना टीव्ही नवं दाखवायचा.

आता जे आलंय तेही याच रांगेतलं आहे. इंटरनेटवरून कार्यक्रम आणणारा डबा किंवा बोटभर लांबीची काडी, जिला दुकानात स्टिक म्हणतात. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं, आणि २०१७ मध्ये अॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात विकायला आली. गुगलची क्रोमकास्ट त्याआधीच आली होती. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज नावाचं अॅप आणलं, त्यावर दूरदर्शनच्या जुन्या मालिकाही आहेत.

मग स्मार्ट टीव्हीच का घेऊ नये? घ्यावा, ऐपत असेल आणि जुना खरंच बिघडला असेल तर. पण स्मार्ट टीव्हीत पडदा आणि डोकं एकाच पेटीत असतं, आणि डोकं आधी म्हातारं होतं. २०१५ मध्ये युट्यूबने २०१२ आणि त्याआधीच्या बऱ्याच टीव्हींवरचं आपलं अॅप बंद केलं. २०१९ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने काही जुन्या टीव्हींवर तसंच केलं. पडदे चांगले होते, पण अॅप चालेना. वेगळी स्टिक जुनी झाली तर स्टिक बदलता येते, सगळा टीव्ही नाही.

मग जुन्या टीव्हीला कोणता डबा लावायचा? हे दुकानातल्या फळीवर ठरत नाही, टीव्हीच्या मागच्या बाजूला ठरतं. घरातल्या टीव्हीची पाठ भिंतीपासून जरा पुढे ओढून बघा. मागचं झाकण मात्र कधीही उघडू नका. नळीच्या टीव्हीत बटण बंद केल्यावरही जोराचा विजेचा दाब साठलेला असतो.

मागे तीनपैकी काहीतरी दिसेल.

पहिलं, एक चपटं, रुंद तोंड, शेजारी एचडीएमआय असं लिहिलेलं. हे २००२ च्या अखेरीस ठरलं आणि त्यानंतरच्या सपाट टीव्हींत आलं. ते असेल तर काम सोपं. कोणतीही स्टिक सरळ तिथे बसते.

दुसरं, तीन गोल भोकं, पिवळं, पांढरं आणि लाल. पिवळ्यातून चित्र, पांढऱ्या-लालमधून आवाज. व्हीसीडी प्लेअर यालाच लावायचो आपण. काही टीव्हींवर पिवळं आणि पांढरं एवढंच असतं, तेही चालतं. इथे दोन वाटा आहेत. एक म्हणजे असा अँड्रॉइड डबा घ्यायचा, ज्याला तीन रंगांची वायर निघते. दुसरी म्हणजे स्टिक घ्यायची आणि मध्ये कन्व्हर्टर नावाची काड्यापेटीएवढी वस्तू लावायची.

तिसरं, फक्त अँटेनाचं एक भोक. असा टीव्ही फार जुना. त्याला इंटरनेट जोडायला मध्ये आणखी एक यंत्र लागतं, ते शोधायचे कष्ट आणि पैसे परवडत नाहीत. त्याला अँटेनाच्या वायरचं तोंड असलेला फ्री डिशचा बॉक्स मिळाला तर बरा.

काकूंच्या टीव्हीला तीन रंग होते. पुढच्या बैठकीत २०,००० च्या जागी ४,००० रुपये कर्ज मंजूर झालं. आणि आता आमची चूक सांगतो.

आम्ही काकूंबरोबर दुकानात गेलो, स्टिक घेतली, कन्व्हर्टर मागितला. दुकानदाराने एक डबी दिली, आम्ही घाईने घेतली. घरी येऊन लावलं, तर पडदा निळाच. तासभर वायरी बदलल्या. शेवटी काकूंची सून पाळीवरून आली. ती चाकणला वायरिंग हार्नेसच्या लाइनवर काम करते, म्हणजे गाडीत जाणाऱ्या रंगीत वायरींचे गठ्ठे बांधते. तिने डबी उलटी करून बघितली आणि म्हणाली, "ताई, बाण उलटा आहे."

खरंच. कन्व्हर्टर दोन जातीचे असतात. एक जुन्या वायरींकडून नव्या तोंडाकडे नेतो, दुसरा नव्याकडून जुन्याकडे. दिसायला अगदी सारखे. आपल्याला हवा 'एचडीएमआय टू एव्ही', आम्ही आणला होता 'एव्ही टू एचडीएमआय'. पाकीट फोडलं होतं, दुकानदाराने परत घेतला नाही. काकूंच्या कर्जातले ५०० रुपये आमच्या घाईने गेले. पुढच्या बैठकीत आम्ही ते उभं राहून सांगितलं, आणि ते पैसे आमच्याकडून भरले. काकू नको नको म्हणाल्या, पण वहीत तशी नोंद आहे. गटाच्या पैशात ताईची चूकही लिहिली गेलीच पाहिजे.

त्यातून शिकलेल्या गोष्टी सांगतो. डबीवरचा बाण वाचल्याशिवाय पाकीट फोडू नका. डबीवर पाल आणि एनटीएससी असं बटण असेल तर ते पालवर ठेवा, आपल्याकडच्या टीव्हींची ती पद्धत आहे. स्टिकची वीज तिच्याबरोबर आलेल्या चार्जरवरूनच द्या, टीव्हीच्या यूएसबीतून ती पुरेशी मिळेलच असं नाही. नळीच्या टीव्हीचा पडदा चौकोनी आणि आजचं चित्र लांबट, त्यामुळे वर-खाली काळे पट्टे दिसतील किंवा माणसं जरा उंच दिसतील. बारीक अक्षरं पुसट दिसतात, म्हणून रिमोटवर माइकचं बटण असलेली स्टिक घ्या, बोलून शोधता येतं. आणि पैसे भरून बघायची काही अॅप्स कन्व्हर्टरमधून चित्र देत नाहीत, कारण नक्कल होऊ नये म्हणून एचडीएमआयला एक प्रकारचं कुलूप असतं. ज्यासाठी घेताय ते अॅप चालतं का, हे दुकानातच लावून बघा.

आणि इंटरनेटचा हिशेब. साध्या चित्राला तासाला साधारण १ जीबीपर्यंत डेटा जातो, एचडीला ३ जीबीपर्यंत. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत तास-दीड तासाचं कीर्तन होईल, दिवसभराच्या मालिका होणार नाहीत. नळीच्या टीव्हीवर एचडीचा फायदा दिसतही नाही, म्हणून चित्र साध्यावरच ठेवा. घरात इंटरनेटच नसेल तर स्टिक घेऊच नका. फ्री डिशला एकदाच खर्च येतो, महिन्याला काही नाही, आणि सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते.

एक शेवटची गोष्ट. जुना टीव्ही टाकायचाच झाला तर फोडून भंगारात देऊ नका. त्या जाड काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडेच द्या.

आता त्या आजींच्या वाक्याकडे येऊ. पाठ टीव्हीकडं आणि तोंड चुलीकडं. सिंहगडाच्या मनोऱ्यापासून सेट-टॉप बॉक्सपर्यंत टीव्हीने खूप काही बदललं, पण वेळ नेहमी त्याची होती. कार्यक्रम लागेल तेव्हा आपण मोकळ्या असू तर बघायचा, नाहीतर सोडायचा. आपल्यासारख्या तीन पाळ्यांच्या पट्ट्यात कितीतरी बायकांचं बघायचं असंच राहून गेलं. या नव्या डब्यात खरं नवं आहे ते इतकंच, की लावलेला कार्यक्रम आपल्यासाठी थांबतो. भाकरी करपत असेल तर थांबवायचा, उठायचं, परत येऊन तिथूनच बघायचा.

काकू आता दुपारी भांडी झाल्यावर कीर्तन लावतात. सून रात्रपाळीवरून येऊन झोपते आणि उठल्यावर आपली मालिका बघते. नातू अजून डबडंच म्हणतो, पण क्रिकेट त्याच्यावरच बघतो. ४,००० मधले २,५०० काकूंनी फेडलेत.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना एक काम करून या. घरच्या टीव्हीच्या मागे कोणती तोंडं आहेत ते बघा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून आणा. कर्जाचा अर्ज त्यानंतर लिहू.