ट्रान्सफर केसचे तेल

चारही चाके ओढणाऱ्या मोटारीत गिअरबॉक्सकडून आलेली शक्ती पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलकडे वाटून देणारी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस. चढण, चिखल किंवा ओढ्यातले गोटे यांसाठी लागणारा ‘लो’ गिअरही बहुतेक गाड्यांत याच पेटीत असतो. तिच्यातले तेल गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या तेलापासून स्वतंत्र भरले जाते, स्वतंत्र बदलले जाते आणि पेटी गाडीच्या पोटाखाली दडलेली असल्याने पुष्कळदा विसरलेही जाते. बाजारात साध्या खनिज तेलापासून कंपनीच्या खास डब्यापर्यंत बरेच काही मिळते व दोन टोकांच्या किमतींत कित्येक पटींचा फरक असतो. स्वस्त तेल चालेल की नाही, हे पेटीच्या आत काय फिरते त्यावर ठरते. म्हणून गाडीचे नाव सांगून तेल मागण्याआधी ट्रान्सफर कोणत्या जातीची आहे ते माहीत असावे.

अंतर्रचना : सर्वांत जुनी व सर्वांत सोशिक जात म्हणजे केवळ गिअरांवर चालणारी पेटी. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस एमबी जीपमध्ये स्पायसर कंपनीची ‘मॉडेल १८’ ट्रान्सफर होती. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीस जीपची जोडणी सुरू केली, तेव्हा ही पेटीही सोबत आली आणि थोड्याफार फेरफारांसह कित्येक दशके टिकली. तिच्यातला मधला गिअर ज्या शाफ्टवर फिरतो ती झिजते, ही या पेटीची जुनी खोड. पुढच्या आवृत्त्यांत त्या शाफ्टचा व्यास टप्प्याटप्प्याने वाढवावा लागला. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीतही गिअरांचीच ट्रान्सफर आहे. मात्र ती गिअरबॉक्सला चिकटलेली नसून चॅसीवर वेगळी टांगलेली असते आणि एका आखूड शाफ्टने गिअरबॉक्सला जोडलेली असते.

या दोन्ही पेट्यांत सरळ किंवा तिरप्या दातांचे गिअर आहेत. डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियनचे हायपॉइड दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घासत सरकतात, त्यामुळे तिथे तेलाची थर धरण्याची ताकद पणाला लागते. ट्रान्सफरमधले दात मुख्यतः एकमेकांवर लोळतात. तेलाकडून त्यांची अपेक्षा माफक असते, आणि जुन्या जीपच्या किंवा जिप्सीच्या मालकाला साधे खनिज तेल निर्धास्तपणे वापरता येते ते यामुळेच.

दुसरी जात साखळीची. अमेरिकी गाड्यांत १९७० नंतर हिचा प्रसार झाला. न्यू प्रोसेस कंपनीची ‘२०५’ ही बिडाची, गिअरवाली पेटी ८०डब्ल्यू-९० गिअर तेलावर चाले, तर त्याच कंपनीची पुढची ‘२३१’ ही साखळीची पेटी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या लाल, पातळ तेलावर चालते. रेंज रोव्हरमध्येही असाच बदल झाला. तिची गिअरवाली ‘एलटी २३०’ ट्रान्सफर ईपी ९० तेल घेई, १९८९ च्या सुमारास तिच्या जागी आलेली बोर्ग-वॉर्नरची साखळीवाली पेटी ऑटोमॅटिकचे तेल घेते. नाव तेच, गाडी दिसायला तशीच, पण तेल निराळे. साखळीच्या पेटीत अनेकदा वंगण वर चढवणारा लहानसा पंप असतो. दाट तेल तो थंडीत ओढू शकत नाही आणि वरची बेअरिंगे कोरडी राहतात. अशा पेटीत मजबुतीसाठी म्हणून नव्वद नंबर ओतणे महागात पडते.

तिसऱ्या जातीत क्लचच्या चकत्या, शंकू किंवा व्हिस्कस कपलिंग असते. इथे तेल वंगणापुरते नसते, घर्षण किती व्हावे हेही तेच ठरवते. जीपची १९७३ ची ‘क्वाड्रा-ट्रॅक’ स्वतःचे खास तेल मागे, आणि दुसरे भरले की वळणावर कुरकुर करी. जनरल मोटर्सच्या ‘ऑटो-ट्रॅक’ पेटीसाठी निळ्या रंगाचे वेगळे तेल काढावे लागले. या जातीपुरते काटकसरीचे मत गुंडाळून ठेवावे आणि हस्तपुस्तिकेत लिहिलेलेच तेल घ्यावे.

दर्जा : डब्यावरची ‘जीएल’ ही अक्षरे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीची. व्यवहारात जीएल-४ आणि जीएल-५ हे दोनच दर्जे समोर येतात. दोन्हींत गंधक आणि फॉस्फरसयुक्त दाबरोधी द्रव्ये असतात. गिअर तेलाचा उग्र वास याच गंधकाचा. हायपॉइड दातांसाठी असलेल्या जीएल-५ मध्ये त्यांचे प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते. आकडा मोठा म्हणजे तेल श्रेष्ठ, हा समज दुकानातही आढळतो आणि तो खरा नाही, कारण गरम तेलातले सक्रिय गंधक तांबे, पितळ व कासे यांना खाऊ शकते. तांब्याची घासलेली पट्टी तापलेल्या तेलात ठेवून ती किती काळवंडते हे पाहण्याची एक प्रमाणित चाचणी आहे. जीएल-५ च्या अटी पट्टीला बरेच काळे होऊ देतात. अलीकडची काही जीएल-५ तेले पितळेला जपतात, पण डबा तसे सांगत नसेल तर गृहीत धरू नये.

गिअरबॉक्समध्ये असते तशी पितळेची सिंक्रो रिंग ट्रान्सफरमध्ये सहसा नसते. मग जीएल-५ का टाळावे? जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्टने बसवलेली आहे. मधली फट किंवा सील झिजले की तेल इकडून तिकडे जाते आणि ट्रान्सफरमधले जीएल-५ गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांपर्यंत पोचते. एका पेटीची पातळी भरमसाट वाढलेली आणि दुसरीची उतरलेली, असे दिसले की हेच घडलेले असते. म्हणून अशा गाड्यांत दोन्हीकडे एकच जीएल-४ भरण्याची गॅरेजांतली रीत शहाणपणाची आहे. जिप्सीची ट्रान्सफर वेगळी टांगलेली असल्याने ही भानगड तिथे उद्भवत नाही. टोयोटाच्या बऱ्याच गिअरवाल्या ट्रान्सफरसाठी पुस्तिका जीएल-४ किंवा जीएल-५ असा दोन्हींचा पर्याय देते. असे असेल तेव्हा जे स्वस्त मिळेल ते घ्यावे.

दाटपणा : ‘नव्वद नंबर’, ‘एकशेचाळीस नंबर’ हे आकडे एसएई या संस्थेच्या गिअर तेलाच्या मोजपट्टीवरचे आहेत. १०० अंश सेल्सिअसला ९० नंबरची श्यानता १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक असते. २००५ पूर्वी हीच मर्यादा २४ पर्यंत होती, तेव्हा मधला ११० नंबर नव्हता. त्या काळातल्या दोन कंपन्यांचे नव्वद नंबर हाताला सारखे लागत नसत, यात नवल नाही. इंजिन तेलाची मोजपट्टी वेगळी आहे. ४० किंवा ५० नंबरचे इंजिन तेल जवळपास ९० नंबरच्या गिअर तेलाइतकेच दाट असते, आकड्यांवरून मात्र ते निम्मे पातळ वाटते. तरीही इंजिन तेलाने गिअर तेलाची जागा घेऊ नये, कारण दाबरोधी द्रव्यांचा तो मसाला त्यात नसतो. काही पेट्यांसाठी कंपनीनेच इंजिन तेल सांगितलेले असते, ती गोष्ट वेगळी.

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतले वर्तन सांगतो. ठरावीक कमाल घट्टपणा न ओलांडता ८५डब्ल्यू तेल उणे १२ अंशांपर्यंत, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत आणि ७५डब्ल्यू उणे ४० पर्यंत चालते. महाबळेश्वरच्या दवबिंदू गोठवणाऱ्या पहाटेलाही ८५डब्ल्यू पुरेसे आहे. म्हणजे महाराष्ट्र-गोव्यात फिरणाऱ्या जुन्या गाडीसाठी ७५डब्ल्यू-९० सिंथेटिकचे जादा पैसे ज्या गुणासाठी मोजायचे, तो गुण इथे कधी वापरातच येत नाही. हिवाळ्यात लडाखला जाणाऱ्याचा हिशेब निराळा. विलीसच्या काळातही जीपसाठी उन्हाळ्यात ९० आणि कडाक्याच्या हिवाळ्यात ८० अशी शिफारस होती.

आवाज करणाऱ्या झिजलेल्या पेटीत १४० नंबर भरणे हा आपल्याकडचा जुना उपाय. आवाज खरोखर कमी होतो, गळतीही मंदावते. पण दाट तेल सकाळी नीट उडत नाही, अरुंद जागेतल्या बारीक रोलरांपर्यंत उशिरा पोचते आणि पेटी जास्त तापते. बेअरिंग बदलेपर्यंतची ती सोय आहे, इलाज नव्हे.

उलट टोकाचे उदाहरण टोयोटाचे. २०१० च्या आसपासपासून तिच्या काही मोठ्या गाड्यांच्या ट्रान्सफरसाठी फक्त ७५डब्ल्यू दाटपणाचे तेल सांगितले जाते. ते बरेच पातळ असते, इंधन वाचवण्यास मदत करते आणि कंपनीच्या डब्यात भारी महाग पडते. तेवढ्याच दाटपणाची अन्य कंपन्यांची तेले मिळतात व ती घेण्यास हरकत नसावी. पण ७५डब्ल्यू ही अक्षरे पाहून ७५डब्ल्यू-९० उचलणे म्हणजे तापल्यावर कितीतरी दाट राहणारे तेल भरणे.

किंमत : ट्रान्सफरचे पोट लहान असते. जिप्सीत ०.८ लिटर, मॉडेल १८ मध्ये सुमारे दीड लिटर. त्यामुळे काटकसर लिटरच्या भावापेक्षा डब्याच्या मापात जास्त होते. ज्याला गिअरबॉक्सचे तेलही बदलायचे आहे त्याने पाच लिटरचा जीएल-४ डबा घ्यावा. दोन्ही अ‍ॅक्सलसाठी जीएल-५ वेगळे लागते. जिप्सीच्या पुढच्या डिफरन्शियलमध्ये २ आणि मागच्यात दीड लिटर जाते, म्हणजे खर्चाचा मोठा वाटा तिकडेच असतो.

सरकारी तेल कंपन्यांचे साधे गिअर तेल या कामाला उत्तम आहे. इंडियन ऑइलचे ‘सर्वो गिअर एचपी’ हे जीएल-४ आणि ‘सर्वो गिअर सुपर’ हे जीएल-५ दर्जाचे. त्यातला ‘एचपी’ पाहून ते हिंदुस्थान पेट्रोलियमचे समजणारे गिऱ्हाईक भेटते, दुकानदारही कधी कधी दुरुस्त करीत नाही. डब्यावर जीएलचा दर्जा, एसएईचा आकडा आणि भारतीय मानक ‘आयएस १११८’ यांचा उल्लेख पाहावा. तो नसेल तर नावापुढे ‘ईपी’ लिहिलेले असले तरी खात्री धरू नये. साखळीच्या पेटीसाठी लाल तेल घेताना एक बारकावा आहे : ‘डेक्सरॉन-३’ या लाल तेलाच्या दर्जाचे परवाने देणे जनरल मोटर्सने २००६ च्या अखेरीस थांबवले. आज त्या नावाने विकले जाणारे प्रत्येक तेल केवळ उत्पादकाच्या शब्दावर विकले जाते, म्हणून इथे अनोळखी स्वस्त डब्यापेक्षा माहितीची कंपनी बरी.

खेड्यात ट्रॅक्टरचे तेल घरात असते आणि जीपमध्ये तेच ओतले जाते. ट्रॅक्टरच्या सामाईक तेलाचा दर्जा बहुधा जीएल-४ चा असतो, पण दाटपणा साधारण ८० नंबराएवढा. अडीअडचणीला घरी पोचण्यापुरते चालते, झिजलेल्या जीपमध्ये ते गळून जाते. पिंपातले सुटे तेल आणि गाळून पुन्हा विकलेले तेल मात्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. जळक्या इंजिन तेलातली काजळी व आम्ल बेअरिंगाला घासते आणि खाते.

तेल बदलणे : गाडी सपाट जागी, पेटी कोमट. आधी भरण्याचा वरचा प्लग सैल करावा, मग तळाचा. वरचा प्लग गंजून बसला असेल आणि खालून तेल सोडून दिले असेल, तर गाडी तिथेच अडकते. नवे तेल वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरतात. चुंबकी प्लगवर बारीक काळी लव असणे स्वाभाविक, चकाकणारे कण किंवा दाताचा तुकडा मिळाल्यास पेटी उघडावी. निघालेले तेल दुधाच्या चहासारखे दिसत असेल तर पाणी शिरले आहे.

पावसाळ्यातल्या सह्याद्रीत आणि कोकणात पाणी हीच खरी अडचण असते. तापलेली पेटी ओढ्याच्या गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे पेटीच्या हवा जाण्याच्या छिद्रातून, किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेणे हा थोड्या खर्चाचा आणि फार गुणाचा उपाय. तरीही हबच्या वर पाण्यात गेलेल्या गाडीचे तेल तपासावेच लागते. हंगामात एकदोनदा तेल टाकूनच द्यायचे असेल, तर दीर्घायुषी सिंथेटिकचे आयुष्य ओढ्यातच संपते. स्वस्त जीएल-४ खनिज तेल वारंवार बदलणे हे अशा वापरात महागड्या तेलापेक्षा पेटीला जास्त मानवते. फक्त डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या आणि महिनोन्‌महिने फोर-व्हील न लावणाऱ्या गाडीसाठी पुस्तिकेतले अंतर पुरे.

काढलेले तेल वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटींना आणि कुंपणाच्या खांबांना फासण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. मोठी गॅरेजे ते पिंपात साठवून विकतात आणि एक-दोन लिटर घेऊन गेलेल्याला सहसा परत पाठवत नाहीत. त्या पिंपात पाणी मिसळलेले तेल ओतण्याआधी मात्र विचारून घ्यावे.