ब्लेड रनरचा शाप

‘ब्लेड रनर’ ह्या अमेरिकन विज्ञानपटात ज्या कंपन्यांची बोधचिन्हे ठळकपणे झळकली, त्यांतल्या बऱ्याच पुढच्या दहा वर्षांत बुडाल्या, फुटल्या किंवा विकल्या गेल्या. चित्रपटरसिक ह्या घटनाक्रमाला ‘ब्लेड रनरचा शाप’ म्हणतात. रिडली स्कॉट दिग्दर्शित हा चित्रपट २५ जून १९८२ रोजी प्रदर्शित झाला. फिलिप के. डिक यांच्या १९६८ सालच्या कादंबरीवर तो बेतलेला असून कथानक नोव्हेंबर २०१९ मधील लॉस अँजेलिसमध्ये घडते. अखंड पाऊस, धूर आणि गगनचुंबी इमारतींवरच्या निऑन पाट्या हे त्या शहराचे रूप. हे परके भविष्य खरे वाटावे म्हणून पाट्यांवर अटारी, पॅन ॲम, आरसीए, कोका-कोला, टीडीके अशी अस्सल नावे आली.

शापकथेतले सर्वांत मोठे नाव पॅन ॲमचे. १९२७ मध्ये स्थापन झालेली ही विमान कंपनी एके काळी अमेरिकेची जगातली ओळख होती. पण १९७८ मध्ये अमेरिकी विमानवाहतुकीवरील सरकारी नियंत्रणे उठली आणि स्पर्धा अंगावर आली. १९८१ मध्ये, म्हणजे चित्रपट पडद्यावर येण्याआधीच, कंपनीने न्यूयॉर्कमधली आपली प्रसिद्ध इमारत विकली होती. त्यानंतर पॅसिफिकवरचे हवाईमार्ग गेले. डिसेंबर १९८८ मध्ये लॉकरबीवर तिचे विमान बाँबस्फोटाने कोसळले आणि २७० माणसे मेली. ४ डिसेंबर १९९१ रोजी कंपनी बंद पडली.

अटारीची घसरण ह्याहून वेगवान होती. चित्रपटाचे वितरण करणारी वॉर्नर ब्रदर्स आणि व्हिडिओ गेम बनवणारी अटारी, दोन्ही त्या वेळी वॉर्नर कम्युनिकेशन्सच्याच मालकीच्या होत्या. १९८२ च्या उन्हाळ्यात अटारी तेजीत होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात विक्री अपेक्षेपेक्षा कमी राहणार असल्याचे तिला जाहीर करावे लागले. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, कंपनीला ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला आणि न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरण्यात आला. (२०१४ मध्ये ती जागा खणली, तेव्हा गेमची कार्ट्रिजे खरोखरच सापडली.) जुलै १९८४ मध्ये घरगुती गेम व संगणकांचा विभाग विकला गेला.

पडद्यावरच्या चित्रफोनशी जोडलेल्या बेल ह्या दूरध्वनी साम्राज्याचे विभाजन १ जानेवारी १९८४ रोजी झाले, पण त्याचा समझोता ८ जानेवारी १९८२ रोजीच जाहीर झाला होता. आरसीए १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने विकत घेतली. स्वयंपाकघरातली यंत्रे बनवणाऱ्या क्विझिनार्टचे १९८९ मध्ये दिवाळे निघाले. तिचे नाव मात्र नव्या मालकाकडे आजही चालते.

ह्या तारखा एकापुढे एक मांडल्या की शापाची कल्पना टिकत नाही. पॅन ॲम आणि बेल ह्यांचे भवितव्य चित्रपट येण्यापूर्वीच बदलू लागले होते. कलादिग्दर्शनासाठी नावे निवडताना अढळ वाटणाऱ्या कंपन्याच निवडल्या जाणार, आणि त्यांतली एखादी कोसळली की ती लक्षातही राहणार. पडद्यावर अवाढव्य जाहिरात असलेली कोका-कोला भरभराटीत आहे, टीडीकेही आहे. शापाच्या गोष्टीत मात्र त्यांना क्वचितच जागा मिळते. कंपन्यांच्या पतनाची खरी कारणे कायदा, कर्ज आणि बाजार ह्यांत आहेत आणि ती गूढकथेपेक्षा कितीतरी अभ्यासण्याजोगी आहेत.

हा प्रकार ‘ब्लेड रनर’पुरता मर्यादित नाही. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ (१९६८) मध्ये प्रवासी पॅन ॲमच्या यानातून अंतराळस्थानकावर जातो आणि तेथून बेलच्या चित्रफोनवर घरी बोलतो. त्या काळात हे अतिशयोक्त नव्हते: पॅन ॲम चंद्राच्या भावी सफरीसाठी खरोखरच नावे नोंदवून घेत होती आणि ९० हजारांहून अधिक लोकांनी ती नोंदवली. प्रत्यक्ष २००१ साल उजाडले तेव्हा ती कंपनीही नव्हती आणि बेलचे ते साम्राज्यही.

मेलेल्या नाममुद्रा पडद्यावर परततातही. पॅन ॲमचे मुंबईहून निघालेले विमान ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत अपहृत झाले. त्या विमानात प्रवाशांसाठी प्राण देणाऱ्या हवाईसेविका नीरजा भनोत यांच्यावरील ‘नीरजा’ (२०१६) चित्रपटासाठी पॅन ॲमचा गणवेश आणि निळे चिन्ह नव्याने उभे करावे लागले. ‘ब्लेड रनर २०४९’ (२०१७) मध्ये दनी व्हिलनव्ह यांनी अटारी आणि पॅन ॲमच्या पाट्या मुद्दाम ठेवल्या, कारण नव्या चित्रपटातले भविष्य १९८२ च्या चित्रपटातल्या जगाचे होते, आपल्या जगाचे नव्हे.