छत्रपती संभाजीनगर शहराची नावे

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे मराठवाड्यातील शहर १६१० पासून खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार नावांनी ओळखले गेले. यांपैकी शेवटची तीन नावे व्यक्तींवरून पडली असली, तरी त्यांत शहराचा संस्थापक मलिक अंबर याचे नाव नाही.

खडकी आणि फतेहनगर

मूळचा इथिओपियाचा असलेला मलिक अंबर हा अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर होता. त्याने १६१० मध्ये खडकी या गावी नवी राजधानी वसवली व गावाचे जुने नाव कायम ठेवले. मुघलांवरील विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारण्यात आला. १६२१ मध्ये मुघल सैन्याने शहर जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. १६२६ मध्ये अंबराच्या निधनानंतर त्याचा मुलगा फतेहखान याने शहराला फतेहनगर हे नाव दिले.

औरंगाबाद

१६३६ मध्ये निजामशाही संपुष्टात आली. दख्खनचा दुसऱ्यांदा सुभेदार झालेल्या शाहजादा औरंगजेबाने १६५३ मध्ये येथे आपली राजधानी केली आणि शहराला स्वतःचे नाव दिले. हैदराबादच्या आसफजाही राजवटीतही हेच नाव टिकले.

छत्रपती संभाजीनगर

औरंगजेबाच्या आदेशाने १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. त्यांचे नाव शहराला द्यावे, ही मागणी बाळ ठाकरे यांनी १९८८ मध्ये मांडली. २९ जून २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ‘संभाजीनगर’ हे नाव मंजूर केले. त्यानंतर आलेल्या सरकारने १६ जुलै रोजी ‘छत्रपती संभाजीनगर’ असा निर्णय घेतला. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राने त्यास मान्यता दिली. नामांतराला आव्हान देणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये फेटाळल्या.

अन्य उदाहरणे

शहरांना राजांची नावे देण्याची प्रथा प्राचीन आहे. अलेक्झांडरने इ.स.पू. ३३१ मध्ये इजिप्तमध्ये अलेक्झांड्रिया वसवले. याच नावाची त्याची इतरही अनेक नगरे होती. त्याचा सेनानी सेल्युकस याने टायग्रिसकाठी सेल्युशिया वसवले, तर अँटिओक या नगराला आपल्या पित्याचे नाव दिले. औरंगाबादचे वेगळेपण असे की, नाव देणारा औरंगजेब हा शहराचा संस्थापक नव्हता. संस्थापकाचे नाव शहरातील ‘नहर-ए-अंबरी’ या भूमिगत जलवाहिनीच्या रूपाने उरले आहे.