पिंपरीच्या औषधशाळेतील वर्गणीचा अंश

चिंचवडच्या देवस्थानामुळे या टापूतील सनदा, इनामपत्रे व महजर यांकडे संशोधकांचे लक्ष सहज जाते. दात्याचे नाव, मोहोर व तिथी ज्यावर आहे तो कागद जपावा, ही आपली जुनी सवय. परंतु ज्या दानाचे दाते हजारो आणि प्रत्येकाचे देणे पैसा-दोन पैसे, त्याचे कागद कोण जपतो? चिंचवडलगतच्या पिंपरीत मुलांच्या नावे जमलेल्या निधीतून एक औषधशाळा उभी राहिली, ही गोष्ट याच कारणाने विस्मृतीत गेली असावी.

या टापूस वर्गणी नवी नव्हती. पिंपरीहून मुंबईच्या वाटेवर तळेगाव दाभाडे लागते. दर माणशी एक पैसा जमवून स्वदेशी धंदे काढावे, अशी कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी मांडली. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. आणि त्या पैसाफंडातून तळेगावास १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. जपान व अमेरिका येथे शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो चालता केला. तेथे शिकलेले कारागीर पुढे देशभर पसरले. पैशापैशाने कारखाना उभारता येतो, हे या पट्टीने पिंपरीच्या आधी पाहिले होते.

आता पिंपरीकडे वळू. ११ डिसेंबर १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांनी युद्धाने होरपळलेल्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय बालक-संकटनिधी स्थापिला. युनिसेफ तो हाच. १९५३ मध्ये त्याच्या नावातील ‘आंतरराष्ट्रीय’ व ‘संकट’ हे शब्द गाळले, आद्याक्षरे मात्र तशीच राहिली. लोप झालेल्या वर्णाचेही कार्य मानणाऱ्या पाणिनीयांस यात नवल वाटू नये. या निधीस कोणत्याही राष्ट्राकडून सक्तीचा कर येत नसे, सारे स्वेच्छेचे. नॉर्वेचे ओके ओर्डिंग यांनी सर्वांनी एका दिवसाची मजुरी मुलांसाठी द्यावी, अशी सूचना केली, व १९४८ साली त्या धोरणाने देशोदेशी स्वयंसेवकांनी वर्गणी जमविली. १९४९ साली चेकोस्लोव्हाकियातील यित्का सामकोव्हा या सात वर्षांच्या मुलीने मदतीबद्दल आभाराचे चित्र काढले. कागद नव्हता म्हणून काचेच्या तुकड्यावर. निधीच्या विख्यात शुभेच्छापत्रांचा आरंभ त्या चित्रापासून झाला. १९५० साली फिलाडेल्फियातील काही मुलांनी सोंगे घेऊन, दुधाचे रिकामे डबे हाती धरून, दारोदार फिरून सतरा डॉलर मिळविले. आपल्या शिमग्याचे पोस्त मागण्याचाच तो प्रकार. फरक इतकाच की ते पोस्त दुसऱ्या मुलांसाठी होते.

१९५१ साली भारत सरकार, हा निधी व जागतिक आरोग्य संघटना यांच्यात पेनिसिलिनच्या कारखान्याविषयी करार झाला. निधीने सुमारे ८,५०,००० डॉलरांची यंत्रसामग्री द्यावी, आरोग्य संघटनेने तज्ज्ञ द्यावे आणि बाकीचा भार सरकारने उचलावा, असे ठरले. १० मार्च १९५४ रोजी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी नोंदली गेली व १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. तोवर पेनिसिलिन परदेशातून येई. सार्वजनिक क्षेत्रातील हा देशातला पहिला औषध कारखाना होय. त्या वेळी पिंपरी म्हणजे गाव आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी; आजची कारखान्यांची दाटी पुढची.

बालकांचा निधी कारखान्यास कशासाठी, असे कोणी विचारील. फुप्फुसाचा दाह, चिघळलेल्या जखमा, मातेकडून गर्भास लागणारा उपदंश, यांवर पेनिसिलिनच लागे. यॉज हा जंगलपट्टीतील मुलांच्या अंगावर व्रण उठविणारा रोग तर एका सुईने बरा होई. भारत त्यातून मुक्त झाल्याचे २०१६ साली जाहीर झाले. मुंबईस परळ येथे १९२९ मध्ये उघडलेले बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय एका घराण्याच्या दानाचे. तेथे दात्याचे नाव दारावरच आहे. पिंपरीच्या कुपीवर कोणाचे नाव घालणार?

येथे अतिशयोक्तीही नको. निधीत सरकारांचे देणे मोठे, त्यातही अमेरिकेचे. लोकवर्गणीचा भाग त्यामानाने थोडा. ते सतरा डॉलर पिंपरीस आले असे म्हणणे साहसाचे होईल. परंतु ‘हा निव्वळ सरकारी कारखाना’ हा स्थानिक समजही तितकाच अपुरा आहे, असे आमचे मत आहे.

ज्यांच्या घरी पैसाफंडाच्या पावत्या, वर्गणीची पुस्तके किंवा पिंपरीच्या कारखान्याच्या उभारणीच्या काळातील पत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी मंडळास दाखवावी. शाई फिकी असली तरी चालेल; वाळवीने खाल्लेली पाने मात्र एकमेकांपासून सोडविण्याचा प्रयत्न घरी करू नये.