मांडीवर घेतल्याने ससा माणसाळत नाही

मेहकरात कुणाच्या घरी ससा आला की येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच सल्ला देतो : "मांडीवर घेऊन बसत जा. हाताळल्याशिवाय जनावर माणसाळत नसते." सल्ला देणारे अडाणी नसतात. त्यांच्यापाठी गुराढोरांचा पिढ्यांचा अनुभव असतो. गोऱ्ह्याच्या वशिंडावरून रोज हात फिरवला, गळ्याखालची पोळी खाजवली, की वेसण घालायच्या वयापर्यंत तो माणसाला बुजत नाही. पैनगंगेच्या काठी शेती करणाऱ्यांचे हे ज्ञान खरे आहे आणि मी ते मानतो. पण ते सशाला लावले की फसते, आणि त्याची किंमत तो मुका जीव मोजतो. म्हणून या मताचे खंडन मुद्द्याला धरून व्हायला हवे.

पहिला मुद्दा पायांचा. गोऱ्ह्याला हात लावतो तेव्हा त्याचे चारही पाय भुईवर असतात. सशाला मात्र आपण उचलतो. रानात सशाला भुईवरून उचलते ते फक्त त्याला खाणारे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळपास चहूकडचे दिसते, फक्त नाकाच्या अगदी पुढचे आणि हनुवटीखालचे दिसत नाही. त्यामुळे लाडाने थेट तोंडासमोर नेलेला हात त्याला ऐनवेळी दिसेनासा होतो, आणि वरून आलेला हात शिकारी पक्ष्यासारखा येतो. मग तो मागचे पाय झाडतो. त्याची हाडे हलकी आणि मागचे स्नायू जबर. नीट न धरलेला ससा स्वतःच्याच लाथेच्या झटक्याने कणा मोडून घेऊ शकतो.

यावर उत्तर येते : "आमचा तर मांडीवर गप्प पडून राहतो." हा या मताचा सगळ्यात आवडता पुरावा, आणि नेमका तोच उलटा आहे. सशाला उताणे केले की तो निपचित होतो, हे खरे. मुले त्याला झोप म्हणतात, मोठी माणसे विश्वास म्हणतात. 2006 साली ॲन मॅकब्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा निपचित सशांचा अभ्यास केला, तेव्हा ती विश्रांती नसून भीतीची अवस्था असल्याचे दिसले. सुटका नाही असे वाटले की शिकार मेल्यासारखी पडते, तोच हा प्रकार. गप्प बसलेल्या सशाचे कान पाठीला चिकटलेले आहेत का, डोळे विस्फारलेले आहेत का, अंग आखडलेले आहे का, एवढे पाहिले तरी खरे काय ते कळते.

प्रतिपक्षाची खरी बळकट बाजू वेगळीच आहे, आणि ती तो सहसा मांडत नाही. लहानपणी हाताळलेले ससे खरोखर धीट होतात. हंगेरीतल्या पोंग्रात्स आणि आल्टबेकर या संशोधकांनी 1999 साली हे दाखवले. पण केव्हा हाताळलेले? जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात, तेही आई पाजून जाते त्या वेळेच्या आसपास. आई दिवसातून एकदाच, मोजकी मिनिटे पाजायला येते. त्या सुमाराला पिल्लाला जो वास लागतो तो आपला होतो. बाजारातून पिंजऱ्यात बसून घरी येणारा ससा बहुधा दीड-दोन महिन्यांचा असतो. तोवर ती वेळ कधीच टळलेली असते. पुढे मांडीवर कितीही बसवले तरी ती परत येत नाही.

"मग भित्रेपणा त्याच्या रक्तातच आहे, काय करणार," असे म्हणून हात झटकणारेही आहेत. बेलफळ पडल्याच्या आवाजाने जग बुडाले समजून धावत सुटलेला दुद्दुभ जातकातला ससा त्यांच्या मनात असतो. पण तो आपल्या माळावरचा ससा, घरातला वेगळा. माळावरचा बीळ करत नाही, त्याची पिल्ले डोळे उघडे घेऊन जन्मतात. (1972 च्या वन्यजीव कायद्याचे त्याला संरक्षण आहे, शेतात त्याचे पिल्लू दिसले तर घरी आणू नये, बहुतेक वेळा आई जवळपासच असते.) घरात पाळला जातो तो स्पेन-पोर्तुगालकडच्या, बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. 2018 साली पाळीव आणि रानटी सशांचे मेंदू ताडून पाहिले गेले. भीतीशी निगडित असलेला भाग पाळीव सशात लहान आणि तिला आवर घालणारा भाग मोठा निघाला. म्हणजे माणसाजवळ राहायची तयारी त्याच्या अंगात आहे. नव्या घरात तो घाबरतो तो परक्या वासांना, आवाजांना आणि पळायला वाट नसण्याला.

तेव्हा आपली बाजू अशी : पहिले काही दिवस त्याला उचलूच नये. माजघराच्या शांत कोपऱ्यात, शहाबादी फरशीवर, दोन बाजूंना भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका उपडा घालावा, शेजारी पाणी आणि भरपूर वाळलेले गवत ठेवावे. खोका दिला तर तो लपूनच राहील, ही भीती खोटी. बीळ जवळ असले की ससा बाहेर चरायला धजतो. आसरा काढून घेतला की जागीच गोठतो. आपण पहाटे किंवा दिवेलागणीला, म्हणजे त्याच्या जागेपणाच्या वेळी, फरशीवर नुसते बसावे, पुस्तक वाचावे, त्याच्याकडे टक लावू नये. तो येतो तेव्हाची ऐट पाहण्यासारखी असते : मान आणि पुढचे पाय लांबवतो, मागचे पाय मात्र जागचे हलवत नाही, कारण परत फिरायचे असले तर तेच कामाला यायचे असतात. वास घेतो, मागे सरतो, पुन्हा येतो. एखाद्या संध्याकाळी बाजेच्या पायाला हनुवटी घासतो. हनुवटीखालच्या ग्रंथींचा वास लावून ही जागा माझी, असे तो सांगत असतो. त्यानंतर हात पुढे करावा, तोही भुईलगत, कपाळापर्यंतच.

मेहकरच्या उन्हाळ्यात आणखी एक पेच आहे. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो कानांवाटे टाकतो, आणि तिशीच्या पुढे पारा गेला की त्याचे हाल सुरू होतात. टिनाच्या खोलीत त्याला ठेवणे म्हणजे जीव घेणे. कूलर लागतोच, पण त्याच्या घरघरीनेही तो दचकतो, म्हणून कूलर शेजारच्या खोलीत लावून गारवा येऊ द्यावा. उन्हाने लागलेली धाप भीतीची समजून दुर्लक्ष करू नये. कान ओल्या फडक्याने पुसावेत.

एका बाबतीत मात्र ससा आपणहून येईल म्हणून थांबता येत नाही. त्याची आतडी सतत चालती राहावी लागतात. अर्धा दिवस तोंडात काही घेतले नाही आणि लेंड्या पडल्या नाहीत, तर बुजला असेल म्हणून वाट पाहू नये. तेव्हा एक हात छातीखाली, दुसरा मागच्या अंगाखाली घालून, अंगाशी धरून उचलावे आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे. तिथे हेही बोलून घ्यावे की तोंडावाटे दिलेले पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारते आणि त्याच्या जिवावर बेतू शकते.